जॉन टुझो विल्सन : बेटांच्या रांगेचं कोडं सोडवणारा शास्त्रज्ञ



शास्त्रज्ञांची चरित्रं सांगायची म्हटलं की आपल्याकडे ठरलेली नावं येतात. न्यूटन, एडिसन, मेरी क्युरी, सी. व्ही. रामन. ती यायलाच हवीत. पण भूगोलाच्या तासाला ज्वालामुखी, भूकंप, दख्खनचं पठार शिकवताना त्या धड्यामागची माणसं कोण होती, हे आपण फारसं सांगत नाही. मुलांना वाटतं, ही माहिती पुस्तकात आपोआपच आली. म्हणून आजच्या लेखात जॉन टुझो विल्सन यांची ओळख करून देत आहे. हवाई बेटं समुद्राच्या मधोमध एका रांगेत कशी काय उगवली, याचं उत्तर त्यांनी शोधलं. त्या उत्तराचा धागा पुढे आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो, ते लेखाच्या शेवटाकडे कळेलच. पाचवी ते आठवीच्या मुलांना सांगता येईल अशा बेताने लिहिले आहे.

जन्म आणि घर

विल्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कॅनडाची राजधानी ओटावा येथे झाला. वडील जॉन आर्मिस्टेड विल्सन हे मूळचे स्कॉटलंडचे, इंजिनिअर. कॅनडात नागरी विमानवाहतूक उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा होता. आई हेन्रिएटा टुझो या गिर्यारोहक. ज्या काळात बायकांनी डोंगर चढणं हीच नवलाची गोष्ट होती, त्या काळात, १९०६ साली, त्यांनी कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या एका शिखरावर पहिली चढाई केली. आज ते शिखर माउंट टुझो या नावाने ओळखलं जातं. म्हणजे बघा, मुलाच्या नावात जे ‘टुझो’ आहे ते आईचं माहेरचं आडनाव आहे, आणि तेच नाव एका डोंगरालाही आहे.

अशा घरात वाढलेल्या मुलाला बाहेरची ओढ असणारच. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत हा मुलगा रानावनात, सर्वेक्षणाच्या तंबूत काम करायला जायचा. तिथे त्यांना नोएल ओडेल यांच्या हाताखाली काम करायला मिळालं. हे ओडेल म्हणजे १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले भूवैज्ञानिक. मॅलरी आणि अर्विन या दोघांना शिखराच्या वाटेवर शेवटचं पाहिलं ते त्यांनीच. अशा माणसाबरोबर डोंगर पायाखाली घालताना विल्सन यांनी ठरवलं, की नुसत्या प्रयोगशाळेत बसून भौतिकशास्त्र करायचं नाही. दगडधोंड्यांचा अभ्यासही करायचा.

दोन विषयांच्या मधली वाट

त्या वेळी भौतिकशास्त्र म्हणजे मानाचा विषय. अणूच्या पोटात काय आहे हे शोधण्याचे ते दिवस. त्यापुढे भूशास्त्र म्हणजे दगड गोळा करायचे, नकाशे रंगवायचे, असं पुष्कळांना वाटे. विल्सन यांनी दोन्ही विषय एकत्र घेतले. १९३० साली टोरांटो विद्यापीठातून ते पदवीधर झाले. भूभौतिकशास्त्र, म्हणजे भौतिकशास्त्राच्या मदतीने पृथ्वीचा अभ्यास, हा विषय घेऊन पदवी मिळवणारे ते कॅनडातले पहिले विद्यार्थी मानले जातात.

पुढे शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकले. मग अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातून १९३६ साली डॉक्टरेट घेतली. आईचा वारसाही सुटला नव्हता. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात माउंट हेग या शिखरावर नोंद झालेली पहिली चढाई त्यांचीच.

त्यानंतर कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरी. दुसरं महायुद्ध आलं तसे ते सैन्याच्या इंजिनिअर दलात गेले आणि कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १९४६ मध्ये सैन्याने उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशातून बर्फावर चालणारी वाहनं घेऊन सुमारे पाच हजार किलोमीटरची एक मोहीम काढली होती. त्या मोहिमेच्या उपसंचालकपदी विल्सन होते. त्याच वर्षी ते टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९५७ ते १९६० या काळात ते भूमापन आणि भूभौतिकी या विषयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. देशोदेशी फिरले. १९५८ साली, जेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञ चीनमध्ये सहसा जात नसत, तेव्हा ते चीनला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

इथपर्यंत ऐकून मुलं म्हणतील, हुशार होते, मोठे झाले, संपली गोष्ट. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

पन्नाशीनंतर बदललेलं मत

१९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितलं होतं, की खंडं एका जागी स्थिर नाहीत, ती सरकतात. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, ते म्हणूनच. पण खंडं सरकवणारं बळ कुठून येतं, हे वेगेनर नीट सांगू शकले नाहीत. बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ही कल्पना बाजूला सारली.

विल्सनही याच विरोधकांत होते, आणि साधेसुधे विरोधक नव्हे. अनेक वर्षं त्यांनी दुसराच सिद्धान्त मांडला, शिकवला, त्यावर लेख लिहिले. तो सिद्धान्त असा, की पृथ्वी हळूहळू थंड होऊन आकसते आणि आकसताना तिच्या कवचाला घड्या पडून पर्वत तयार होतात. सुकलेल्या बोराला सुरकुत्या पडतात ना, तसं काहीसं.

मग १९५० च्या दशकात समुद्रतळाचे नवे नकाशे यायला लागले. महासागरांच्या मधोमध हजारो किलोमीटर लांबीच्या पर्वतरांगा दिसल्या. प्रिन्स्टनचे हॅरी हेस यांनी मांडलं, की या रांगांपाशी नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना पसरत जातो. विल्सन यांनी हे सगळं तपासलं. अटलांटिकमधल्या बेटांची वयं गोळा करून पाहिली. मधल्या पर्वतरांगेपासून जसजसं दूर जावं तसतशी बेटं साधारणपणे जुनी होत जातात, असं त्यांना दिसलं. आकसणाऱ्या पृथ्वीत हे बसत नव्हतं.

त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. नाव झालेलं, पद मोठं, विद्यार्थी भरपूर. आपलं जुनं मत धरून बसले असते तर कुणी काही बोललं नसतं. पण त्यांनी मत बदललं, आणि गुपचूप नाही, तर उघडपणे, लेख लिहून. इतकंच नव्हे, तर पुढच्या सहा-सात वर्षांत त्यांनी या नव्या बाजूने जे काम केलं त्यावरच आज त्यांचं नाव टिकून आहे.

हवाईचं कोडं

आता कोड्याकडे येऊ. नकाशा काढा आणि पॅसिफिक महासागर पाहा. जगातले बहुतेक ज्वालामुखी आणि भूकंप भूपट्टांच्या कडांवर आहेत. जपान, इंडोनेशिया, चिली, सगळे कडेला. पण हवाई बेटं पॅसिफिक भूपट्टाच्या पार मध्यावर आहेत. जवळची कड तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब. मग इथे लाव्हा कुठून येतो?

आणखी एक गंमत. ही बेटं वायव्येकडून आग्नेयेकडे एका ओळीत आहेत. वायव्येकडचं काउआई बेट सुमारे ५० लाख वर्षं जुनं, झिजलेलं, दऱ्या पडलेलं. आग्नेय टोकाचं मोठं हवाई बेट दहा लाख वर्षांपेक्षाही तरुण, आणि तिथे किलाउआ आणि मौना लोआ हे ज्वालामुखी आजही जागे आहेत. बेटांचा हा क्रम अमेरिकन भूशास्त्रज्ञ जेम्स डाना यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखला होता. हवाईच्या मूळ रहिवाशांच्या कथेतही अग्निदेवी पेले एकेक बेट सोडत शेवटी किलाउआत राहायला येते. म्हणजे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं कथेत आलं होतं. कारण मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

विल्सन यांनी ते एका साध्या चित्राने सांगितलं. एक माणूस वाहत्या ओढ्याच्या तळाशी उताणा पडलाय आणि तोंडातल्या नळीतून बुडबुडे सोडतोय. तो जागचा हलत नाही. पण वर आलेला प्रत्येक बुडबुडा पाण्याबरोबर वाहून जातो, आणि ओढ्यावर बुडबुड्यांची रांग तयार होते. नळीच्या डोक्यावरचा बुडबुडा सगळ्यात नवा, लांबचा सगळ्यात जुना. तसंच पृथ्वीच्या पोटात एक ठिकाण जागच्या जागी तापलेलं आहे. त्यालाच आज हॉटस्पॉट किंवा तप्तबिंदू म्हणतात. त्याच्यावरून पॅसिफिकचा तळ सरकत जातो. ज्वालामुखी तयार होतो, बेट वर येतं, तळाबरोबर पुढे सरकतं, खालचा पुरवठा तुटला की विझतं. मागे नवं बेट तयार होतं.

हा लेख त्यांनी एका नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. यात नवी मोजमापं नाहीत, गणित नाही, आणि चालू मताशी हे जुळत नाही, अशी कारणं होती, असं ते पुढे सांगत. शेवटी १९६३ साली कॅनडातल्याच भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात तो छापून आला. भूशास्त्राचे लोक जे नियतकालिक सहसा चाळतही नसत, तिथे. आज ज्वालामुखींवरच्या अनेक पुस्तकांत या लेखाचा उल्लेख येतो.

कागद आणि कात्री

१९६५ मध्ये केंब्रिजला मुक्कामी असताना विल्सन यांनी दुसरं मोठं काम केलं. समुद्रतळावरच्या पर्वतरांगा सलग नाहीत, त्या आडव्या भेगांनी तुटून सरकल्यासारख्या दिसतात. त्यांनी दाखवलं, की या भेगा वेगळ्याच प्रकारच्या आहेत. दोन भूपट्ट तिथे एकमेकांना घासून जातात, आणि भूपट्टांच्या सगळ्या कडा मिळून पृथ्वीभर एक जाळं तयार होतं. भूपट्ट ही कल्पना आज आपण ज्या अर्थाने शिकवतो, तिचा पाया इथे घातला गेला. हे समजावण्यासाठी ते कागद घडी घालून, कापून, ओढून दाखवायचे. जगप्रसिद्ध प्राध्यापक हातात कात्री घेऊन! आपल्या हस्तव्यवसायाच्या तासाला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण कागदाचा खेळ म्हणजे पुरावा नव्हे. तो मिळाला भूकंपांकडून. अणुचाचण्या पकडता याव्यात म्हणून १९६० च्या दशकात जगभर भूकंपमापकांचं एक जाळं उभारलं गेलं होतं. लिन साइक्स या तरुण भूकंपशास्त्रज्ञाने त्याच्या नोंदी तपासल्या. समुद्रतळावरच्या त्या भेगांवर भूकंप होताना जमीन कोणत्या दिशेला सरकते, हे १९६७ मध्ये त्यांनी दाखवलं. विल्सन यांनी कागदावर सांगितलेली दिशाच बरोबर निघाली.

हवाईच्या नळीचं मात्र असं झटपट झालं नाही.

नळी खरंच आहे का, हे पाहायचं कसं?

१९७१ साली जेसन मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विल्सन यांची कल्पना पुढे नेली. तापलेल्या खडकाचा एक उंच झोत पृथ्वीच्या प्रावरणातून, पार खोलवरून वर येत असावा, असं त्यांनी मांडलं. प्रश्न असा की हे बघणार कोण? माणसाने खणलेलं सगळ्यात खोल छिद्र जेमतेम बारा किलोमीटर आहे, आणि हा झोत शेकडो, कदाचित हजारो किलोमीटर खोल.

बाजारात माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारून आवाज ऐकतो. माठ फोडत नाही. आवाजावरून आत तडा आहे की नाही ते कळतं. पृथ्वीला टिचकी मारायचं काम भूकंप करतात. त्यांच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून सगळीकडे पसरतात. घट्ट, थंड खडकातून त्या भरभर जातात. तापलेल्या खडकातून सावकाश जातात, त्यातही दुय्यम लहरी विशेष मंदावतात.

वर्गात मी हे असं सांगते. आजूबाजूच्या वाड्यांवरून पोरं एकाच वेळी शाळेला निघतात. डांबरी रस्त्याने येणारं पोर वेळेवर पोहोचतं. नांगरलेल्या ढेकळांच्या शेतातून येणाऱ्याला उशीर होतो. कोण किती उशिरा आलं ते पाहून मी शाळेत बसल्या जागी सांगू शकते, की कोणत्या बाजूला नांगरलेलं शेत आहे. पण ते शेत नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे, हे एका शाळेत बसून कळणार नाही. त्यासाठी गावोगावच्या बऱ्याच शाळांच्या हजेरीपटावर वेळा लिहिलेल्या हव्यात. वाटा एकमेकींना छेदल्या, की छेदायच्या जागी शेत सापडतं. दवाखान्यातलं सिटी स्कॅन काहीसं याच रीतीने चालतं.

आता अडचण लक्षात आली का? भूकंपमापक बसवायला जमीन लागते. हवाईला जमीन किती? महासागरात ठिपक्यांएवढी बेटं, तीही एका ओळीत. म्हणजे सगळ्या शाळा एकाच रस्त्यावर! बाकी सगळीकडे चार-पाच किलोमीटर खोल पाणी. म्हणून समुद्राच्या तळावरच यंत्रं ठेवायला हवीत, हे उघड होतं. मॉरिस युइंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात तसे पहिले प्रयत्न केले होते. पण तळाशी पाण्याचा दाब प्रचंड, तिथे वीज नाही, तार नाही, रेडिओचा संदेश खाऱ्या पाण्यातून जात नाही. भरवशाची यंत्रं तयार व्हायला कित्येक दशकं गेली.

आजचं समुद्रतळ भूकंपमापक यंत्र असं काम करतं. जहाजावरून ते पाण्यात सोडतात. खाली वजन बांधलेलं असतं, त्यामुळे ते बुडत बुडत तळाशी जाऊन बसतं. बॅटरीवर वर्षभर एकट्याने जमिनीची हालचाल नोंदवत राहतं. वर्षाने जहाज पुन्हा तिथे येतं आणि पाण्यातून आवाजाचा ठरलेला संकेत पाठवतं. यंत्र तो संकेत ओळखतं, खालचं वजन सोडून देतं आणि तरंगत वर येतं. मग ते शोधून उचलायचं, आणि तेव्हा कळतं की आत काही नोंदलं गेलं आहे की नाही. वर्षभराची मेहनत त्या एका क्षणावर. काही यंत्रं परत येतच नाहीत.

२००५ ते २००७ या काळात अमेरिकन शास्त्रज्ञांनी हवाईभोवती दोन टप्प्यांत मिळून जवळपास सत्तर ठिकाणी अशी यंत्रं ठेवली. जोडीला बेटांवरची यंत्रंही होती. जगभरातल्या भूकंपांच्या लहरी त्यांनी नोंदवल्या. २००९ मध्ये सेसिली वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवाईच्या खाली आणि आग्नेयेला, शेकडो किलोमीटर रुंदीचा असा एक भाग आहे जिथे दुय्यम लहरी मंदावतात, आणि तो सुमारे १५०० किलोमीटर खोलीपर्यंत दिसतो. विल्सन यांनी कल्पनेने पाहिलेल्या नळीचं हे आजवरचं एक चांगलं चित्र. त्याच्या आकाराबद्दल आणि मुळाबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत, आणि ते असणं हेच चांगलं.

विल्सन यांना हे पाहायला मिळालं नाही. १५ एप्रिल १९९३ रोजी टोरांटोत त्यांचं निधन झालं होतं. लेख छापल्यापासून हे चित्र येईपर्यंत ४६ वर्षं गेली.

आपल्या पायाखालची गोष्ट

आता आपल्याकडे या. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं फ्रान्सच्या ताब्यातलं बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेज हा जगातल्या जाग्या ज्वालामुखींपैकी एक. रियुनियनखालीही हवाईसारखाच तप्तबिंदू आहे. आता नकाशात तिथून उत्तरेकडे बोट फिरवत या. मॉरिशस, मग चागोस, मालदीव, लक्षद्वीप, आणि मग आपला पश्चिम किनारा. हीच ती बुडबुड्यांची रांग!

बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात, की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना या तप्तबिंदूवर आला. तेव्हा भेगांमधून लाव्हाचे लोंढेच्या लोंढे बाहेर पडले. थरावर थर साचले. आज ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. तेच आपलं दख्खनचं पठार. घाटातून जाताना डोंगराला पायऱ्यांसारखे थर दिसतात ते हेच. अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरली. घरातला पाटा-वरवंटाही बहुधा याच काळ्या दगडाचा.

२०१२-१३ मध्ये फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी रियुनियनभोवती समुद्रतळावर ५७ भूकंपमापक ठेवले. त्या नोंदींतून २०२१ मध्ये जे चित्र पुढे आलं ते साध्या सरळ नळीचं नव्हतं. आफ्रिकेच्या खाली खोलवर जाड बुंधा आणि त्याला फांद्या फुटलेल्या, असं झाडासारखं होतं. म्हणजे विल्सन यांची कल्पनाही जशीच्या तशी राहिली नाही, ती सुधारत चालली आहे. त्यांना याचं वाईट वाटलं असतं असं मला तरी वाटत नाही.

आणि एक योगायोग. मॉरिशसमध्ये कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या माणसांचे वंशज आजही मराठीपण जपून आहेत. तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कोकणातून निघून ते ज्या बेटावर पोहोचले, त्या बेटाचा काळा दगड आणि कोकणातला काळा दगड एकाच चुलीवरचा, हे त्या माणसांना कुठे ठाऊक होतं!

मुलांसाठी उघडं विज्ञान

विल्सन यांच्या आयुष्यातला शेवटचा टप्पा शिक्षकांना विशेष आवडेल. १९६७ पासून ते टोरांटो विद्यापीठाच्या एरिंडेल कॉलेजचे प्राचार्य होते. १९७४ मध्ये, ज्या वयात लोक निवृत्त होतात त्या वयात, ते ऑन्टारियो सायन्स सेंटरचे महासंचालक झाले आणि १९८५ पर्यंत त्यांनी ते काम केलं. हात लावू नका अशी पाटी नसलेलं हे विज्ञान केंद्र. मुलांनी बटणं दाबावीत, चाकं फिरवावीत, प्रयोग करून पाहावेत, यासाठी बांधलेलं. पुढे त्यांच्या स्मरणार्थ तिथे एक मोठा खिळा उभारला गेला. विल्सन यांच्या जन्मापासून खंड किती सरकलं, हे तो दाखवतो. एका माणसाच्या आयुष्यात जेमतेम काही पावलं! पण सरकलं, हे नक्की.

वर्गात करून पाहा

१. वहीचा कागद एका हाताने सावकाश सरकवत राहा. दुसऱ्या हातातला पेन एका जागी धरून ठरावीक वेळाने कागदावर टेकवा. ठिपक्यांची रांग तयार होईल. पेन म्हणजे तप्तबिंदू, कागद म्हणजे भूपट्ट, ठिपके म्हणजे बेटं. सर्वांत जुनं बेट कोणतं ते मुलांना ओळखू द्या. मग मध्येच कागदाची दिशा बदला. रांगेला कोपर येईल. हवाईची रांग समुद्राखाली वायव्येकडे खूप लांब जाते आणि पुढे तिला असंच कोपर आहे. ते का आलं असेल, हे मुलांनाच विचारा.

२. पॅसिफिक भूपट्ट हवाईजवळ वर्षाला साधारण ७ ते १० सेंटिमीटर सरकतो. मग दहा लाख वर्षांत किती किलोमीटर सरकेल? सातवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर सोडवू द्या.

३. दोन माठ आणा, एक चांगला, एक तडा गेलेला. डोळे मिटून टिचकीचा आवाज ओळखायला लावा.

शेवटी पालकांशी थोडं

आपल्या परीक्षांत प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते उत्तरसूचीत छापलेलं असतं. त्यामुळे मत बदलणं म्हणजे हरणं, असं मुलांच्या मनात नकळत बसतं. घरीही आपण मोठी माणसं मुलांसमोर आपलं म्हणणं सहसा मागे घेत नाही. विल्सन यांनी अनेक वर्षं शिकवलेलं स्वतःच बाजूला ठेवलं, कारण बेटांची वयं वेगळं सांगत होती. त्यानंतरचं त्यांचं काम जगाने डोक्यावर घेतलं. मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणाली, की काल मी म्हणत होते ते बरोबर नव्हतं, मी पुन्हा बघितलं, तर तिला हसू नका. काय बघितलंस, एवढंच विचारा.

आणि पुढच्या वेळी घाट चढताना एसटीच्या खिडकीतून ते काळे थर दिसले, की मुलांना एकदा समुद्राकडे बोट दाखवा. हा दगड जिथून आला, तिथलं बेट अजूनही धुमसतंय, आणि वैज्ञानिक समुद्राच्या तळाला कान लावून ते ऐकतायत.